अंगठा लागत नाही, माणूस तर समोर आहे

‘कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकवा.’ समोर फोटो धरलेला नाही, जिवंत माणूस आहे, एवढीच खात्री बँकेच्या यंत्रणेला करून घ्यायची असते. जुलै 2023 मध्ये खाते उघडायला गेलेल्या एका महिलेपुढे ही अट आली. ॲसिड हल्ल्यात तिच्या डोळ्यांना आणि चेहऱ्याला कायमची इजा झाली होती; डोळे मिचकावणे तिला शक्यच नव्हते. ती स्वतः हजर, कागद हजर, आणि ओळख मात्र अपुरी! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 30 एप्रिल 2025 रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि 20 निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवा आणि कागदावरची केवायसी बंद करू नका, हेही त्यांत होते.

तहसील कचेरीत किंवा रेशन दुकानात हीच गोष्ट तीन शब्दांत उरकते. ‘थंब लागत नाही.’ मग ‘उद्या या’. हा उद्या कधीकधी सहा महिने लांबतो, आणि तो कायद्यामुळे लांबतो असे खिडकीच्या दोन्ही बाजूंना वाटत असते. प्रत्यक्षात कायदा बहुतेक वेळा अर्जदाराच्या बाजूने असतो.

सगळ्यांत जुना गैरसमज साधा आहे: ‘पाय नाही हे दिसतंय ना, मग कागद कशाला?’ इथे दोन प्रश्न एकात मिसळलेले असतात. हा माणूस कोण, हा पहिला. त्याला किती आणि कोणते दिव्यांगत्व आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आधार, मतदार ओळखपत्र असे कागद देतात, दुसऱ्याचे वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र. उलट बाजूचा गैरसमज जास्त जाचक आहे. ‘धडधाकट तर दिसतोय, मग दिव्यांग कसला?’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सातऐवजी 21 प्रकार मान्य केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, मानसिक आजार आहेत. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच भेटतात. त्यांचे दुखणे खिडकीतून दिसत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही.

आता आधारकडे वळू, कारण गाडी तिथेच अडते. ‘बोटं नाहीत, म्हणजे आधार निघणार नाही,’ असे कित्येक केंद्रचालकही ठामपणे सांगतात. 2023 च्या डिसेंबरात केरळमधल्या कुमारकोमच्या एका महिलेची बातमी झाली. बोटे नसल्याने तिची नोंदणीच होत नव्हती. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर आधार प्राधिकरणाचे लोक तिच्या घरी पोचले आणि डोळ्यांच्या बुबुळांवरून आधार निघाले. खरे तर मंत्र्यांपर्यंत जायची गरजच पडायला नको होती. बोटे नसतील तर बुबुळे, बुबुळे घेता येत नसतील तर बोटे, आणि दोन्ही नसतील तरीही नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र एवढ्यावर नोंदणी करायची, असा नियम आधीपासून होता. अशा वेळी चेहरा आणि हात दिसतील असे वेगळे छायाचित्र घेऊन ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून नोंद होते. या वाटेने तेव्हापर्यंत सुमारे 29 लाख लोकांना आधार मिळाले होते, हा प्राधिकरणाचाच आकडा. नियम होता, केंद्रावरच्या माणसाला तो ठाऊक नव्हता.

आधार असूनही ज्यांचा अंगठा दर महिन्याला नाकारला जातो, असे लोक याहून जास्त आहेत. कुष्ठरोगाने संवेदना गेलेली, पक्षाघाताने आखडलेली, वीटभट्टीवर रेषा झिजलेली बोटे यंत्राला वाचता येत नाहीत. यावर 24 ऑक्टोबर 2017 चे आधार प्राधिकरणाचे परिपत्रक आहे: ठसा जुळला नाही एवढ्या कारणाने लाभ नाकारायचा नाही, बुबुळ किंवा मोबाइलवरचा ओटीपी वापरायचा, तेही जमले नाही तर कागद पाहून नोंदवहीत नोंद करून लाभ द्यायचा. 2018 च्या आधार निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठेवली. आणि आधार क्रमांकच मिळालेला नसेल तर? आधार कायद्याचे कलम 7 म्हणते, ओळखीचा पर्यायी मार्ग द्यावा.

सहीचीही तीच कथा. ‘सही करता येत नाही, मग खातं चालणार नाही’ हे धादांत चूक आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाची ‘निशाणी’ ही सहीच, असे 1897 च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमात आहे. आजारी व असमर्थ खातेदारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना तर याहून पुढे जातात: हाताचा अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, फक्त बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक जबाबदार बँक अधिकारी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे सुचले ते आजच्या ॲपला सुचत नाही, याला प्रगती कशी म्हणावी?

यूडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राबद्दल, दोन टोकांचे समज आहेत. एका टोकाला, ‘हे फक्त एसटीचं कार्ड.’ साध्या एसटीत 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना 75 टक्के सवलत मिळते, हे खरे. पण मतदान केंद्रावर मतदार ओळखपत्राऐवजी चालणाऱ्या छायाचित्र-पुराव्यांच्या यादीतही निवडणूक आयोगाने ते ठेवले आहे. दुसऱ्या टोकाला, ‘कार्ड आलं, आता सगळं मिळणार.’ तसेही नाही. कार्डावरचा पट्टा पांढरा असेल तर दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली. पिवळा 40 पासून, निळा 80 पासून पुढे. बहुतेक योजना 40 पासूनच सुरू होतात. प्रमाणपत्र देशभर चालते, योजना मात्र ज्या त्या राज्याची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महाराष्ट्रातले 15 वर्षांचे वास्तव्य आणि उत्पन्नाचा दाखला लागतोच. या योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान 1500 वरून 2500 रुपये करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. रेल्वेच्या तिकीट-सवलतीसाठी तर रेल्वेचे स्वतःचे वेगळे कार्ड काढावे लागते.

सर्वाधिक अर्ज मात्र याहून क्षुल्लक गोष्टीवर लटकतात. आधारवर ‘सुनिता’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता’. रेशनकार्डावर सासरचे नाव, सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदावर माहेरचे. कोणी तरी सांगते, पाचशेचा स्टॅम्प आणा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासून माफ आहे. साध्या कागदावर लिहिले तरी चालते. आणि क्रम महत्त्वाचा: आधी आधारवरचे नाव नीट करायचे, मग यूडीआयडीवरचे, मग बँकेतले. उलटा क्रम धरला की प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा एक दुरुस्ती चिकटते.

बँकेतही एक फसवी जागा आहे. ‘आधार लिंक केलंय’ म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील असे नव्हे. केवायसीसाठी आधार देणे वेगळे आणि अनुदानासाठी ‘सीडिंग’ वेगळे. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असते. शेवटी जिथे केले, रक्कम तिथे जाते. कुठल्याशा शिबिरात उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात वर्षभराचे अनुदान साचलेले सापडते ते यामुळे.

मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आईवडिलांना अठराव्या वाढदिवसानंतर वेगळाच धक्का बसतो. ‘आम्हीच तर सांभाळतोय’ हे कायद्याला पुरत नाही. मूल आता सज्ञान झालेले असते. त्याच्या वतीने कायदेशीर व्यवहार करायला 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. जिल्हाधिकारी ज्यात असतात ती स्थानिक समिती तो देते, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सतराव्या वर्षीच चौकशी सुरू केलेली बरी.

तपासणीच नको असे कोणी म्हणत नाही. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ उकळणाऱ्याला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहेच. पण ‘नाही’ हे उत्तर तोंडी ऐकून घरी परतू नका. अर्ज द्या, त्याची पोच घ्या, नकार कोणत्या नियमाने ते लेखी मागा. लेखी म्हटले की पुष्कळदा पर्याय सापडतो. नाहीच सापडला, तर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याच कायद्याच्या कलम 82 ने त्यांना दिलेले आहेत.