घोयऱ्याचा मिटलेला डोळा

म्हसवडकडच्या कोरड्या माळावर, बोरी-बाभळींच्या झुडपांत घोयरा सरडा म्हणजेच शॅमेलिऑन आढळतो. एखादा विद्यार्थी तो पाळायला म्हणून खोक्यात घालून वर्गात आणतो आणि थोड्याच दिवसांत त्याचा डोळा मिटू लागतो. असे का होते, ते आपण पाहू.

घोयऱ्याच्या पापण्या जुळलेल्या असतात. मध्ये बाहुलीपुरतेच छिद्र. भक्ष्याचे अंतर तो डोळ्यातील भिंग जुळवून ठरवतो. हार्कनेस यांनी १९७७ साली शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगे लावली, तेव्हा जिभेचा नेम चुकला. म्हणजे डोळा बिघडला, की उपासमार आलीच.

दिवसा डोळा मिटलेला राहणे हे आजाराचे लक्षण होय. पाण्याची कमतरता, कचरा, जंतुसंसर्ग किंवा 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव ही त्याची काही कारणे. घोयरा वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब टिपतो. खोक्यात त्याला तहानच लागते. माणसांचे औषध डोळ्यांत घालू नये. पापणीही ओढू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोयरा पाळता येत नाही. आजारी आढळल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू : घोयरा वर्गात आणण्याऐवजी वर्गच झुडपापाशी न्यावा.