भाता कुठे बसणार?

२०१९च्या पावसाळ्यात सोमाटणे फाट्याजवळच्या सुतारकाकांकडे मी प्लायवूडची उथळ पेटी करायला टाकली. आतली लांबी ४३ सेंटिमीटर, खोली जेमतेम ५. काकांनी मापाचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "पेटी म्हणता, मग भाता कुठे बसणार?" म्हटलं, ही विजेवरची, मॉड्युलर सिंथची, म्हणजे सुटे मॉड्यूल जोडून आवाज काढणाऱ्या वाद्याची पेटी, हिला भाता नसतो. ते उत्तर चुकलं होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आपल्याकडे मॉड्युलर सिंथ आला १९६९ साली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीची अशी यंत्रणा उभी केली. ती जागेवरून हलायची नाही. पुढे १९९६मध्ये जर्मनीच्या डीटर डेप्फर यांनी १२८.५ मिलिमीटर उंचीच्या मॉड्यूलचं माप घालून दिलं आणि अख्खा सिंथ मांडीवर मावू लागला. उंची ठरली, रुंदीच्या पटी ठरल्या, खोली मात्र ज्याची त्याची. जुन्या मॉड्यूलांत सर्किटची पाटी पुढच्या पत्र्याला काटकोनात उभी असते, नव्यांत बहुधा त्याला समांतर. म्हणून एखादं २५ मिलिमीटरमध्ये आटोपतं, तर दुसरं तळाला टेकतं.

मी माप घेतलं ते नुसत्या मॉड्यूलचं. रिबन केबलचा कनेक्टर आणि केबलची घडी मिळून आणखी सेंटिमीटरभर जातं, आणि वीज वाटणारी पट्टी तर मी तळालाच ठोकली होती. सगळं दाबून बसवायचो. २०२१च्या जुलैत एक केबल अशीच अंदाजाने, न बघता खोचली. केबलच्या कडेची लाल रेघ उणे १२ व्होल्टच्या टोकाला हवी, ती गेली उलटी. जळका वास आला आणि लाडका फिल्टर गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हा काकांचा प्रश्न आठवला. सगळ्या मॉड्यूलांना दम पुरवणारी ती पट्टी म्हणजेच माझ्या पेटीचा भाता! पायपेटीचा भाता खाली असायचा. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात तो मागे घेतला, तेव्हा हातपेटी झाली आणि बैठकीत आली. किती साधी, किती थोर युक्ती ती!

दुसऱ्या पेटीत काकांनी मागची फळी २० मिलिमीटर मागे सरकवली, पट्टी तिच्यावर उभी लावली. तळ मोकळा झाला. केबल आडव्या येतात आणि प्रत्येकीची लाल रेघ डोळ्यांना दिसते. तळेगावहून लोणावळा लोकलमध्ये ही पेटी मांडीवर घेऊन मी कित्येकदा गेलोय.

मावळच्या दमट हवेने तिचंही प्लाय यंदा कडेला फुगलंय. तिसरी सागवानी करू, असं काका म्हणतात. त्यांच्या कागदावर आता पहिलं माप भात्याचं असतं.