संमेलनाध्यक्षाचे पूर्वकर्तृत्व : रायपूर (१९८१) आणि नंतर

अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा पूर्वानुभव पाहावा, या आग्रहामागे एक गृहीत असते : ज्याने पूर्वी कारभार केला, तो पुढेही करील. राष्ट्रपतिपदाबाबत भारतीय संविधानाने ते मानलेले नाही. अनुच्छेद ५८ नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे, लोकसभेची पात्रता आणि लाभाच्या पदाचा निषेध एवढ्यावरच थांबतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला तर कारभार असा नसतोच. संमेलन भरविते ते महामंडळ व स्वागत समिती. अध्यक्षाच्या वाट्याला भाषण आणि वर्षभराचा मान येतो. येथे पूर्वकर्तृत्व ही भविष्याची हमी नसून सन्मानाचे कारण ठरते.

रायपूरचे १९८१ चे संमेलन या दृष्टीने लक्षणीय आहे. रायपूर तेव्हा मध्यप्रदेशात होते; छत्तीसगढ राज्य २००० साली झाले आणि नवा रायपुर हे नियोजित नगर त्याहून अलीकडचे. अध्यक्ष होते गंगाधर गाडगीळ : नवकथेचे एक प्रवर्तक, ‘खडक आणि पाणी’चे समीक्षक, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, शिवाय ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते. संस्था चालविण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता. पण बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला लेखक भेटतो तो पुस्तकातून. पुण्या-मुंबईच्या संस्थांमधील त्याची ऊठबस त्या वाचकाच्या खिजगणतीतही नसते, आणि ते बरेच आहे.

मतदान मात्र वाचकांचे नव्हते. ते घटक व संलग्न संस्था आणि स्वागत समिती यांच्या प्रतिनिधींचे होते. अखेरच्या निवडणुकांत मतदार हजाराच्या आसपास असत. कोल्हापूरच्या १९९२ च्या संमेलनासाठी रमेश मंत्री निवडून आले आणि बेळगावच्या इंदिरा संत पराभूत झाल्या. मंत्री हे लोकप्रिय विनोदकार होते, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि ‘गर्भरेशीम’साठी १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या कवयित्रीचे चार दशकांचे काव्य मतपेटीत उणे पडावे, हा निकाल साहित्याविषयी फार थोडे आणि मतदारसंघाविषयी पुष्कळ सांगतो.

पूर्वकर्तृत्व उलटतेही. महाबळेश्वरच्या २००९ च्या संमेलनासाठी निवडून आलेले आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि संमेलन अध्यक्षाविना झाले. पुस्तक निवडणुकीपूर्वीच प्रसिद्ध झालेले होते.

पुढे महामंडळाने घटना बदलली. यवतमाळच्या २०१९ च्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड मतदानाविना, एकमताने झाली. त्यामुळे पूर्वकर्तृत्वाचे मूल्यमापन मतपत्रिकेवरून बैठकीत गेले. तेथील निकष वाचकाला तितकेच अदृश्य राहिले. नाशिकच्या २०२१ च्या संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे उपस्थित राहू शकले नाहीत. महाबळेश्वरी रिकामे राहिले ते पद. नाशकात रिकामी होती ती केवळ खुर्ची.