वारेचा निरोप

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोनोग्राफी सेंटरातून बाहेर पडणाऱ्या गरोदर बाईच्या हातात बऱ्याचदा आणखी एक चिठ्ठी असते : ‘डबल मार्कर’. अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून चौदा पूर्ण होण्याआधी, गर्भात डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता पाहायला हे रक्त द्यायचं. त्यात दोन प्रथिनं मोजतात, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. मला ओढ आहे ती दुसऱ्याची.

१९७४ साली अमेरिकेत लिन, हॅल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या रक्तातून चार प्रथिनं ओळखली आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी नावं दिली. त्यांतलं ‘ए’ म्हणजे पॅप-ए. गरोदरपणात ते रक्तात जवळजवळ कधीच एकटं नसतं. त्याच्या दोन साखळ्या आणि प्रोएमबीपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या दोन, असा चौघांचा घट्ट बांधलेला जुडगा फिरत असतो. नवल म्हणजे ही दोन प्रथिनं वारेच्या वेगवेगळ्या पेशी तयार करतात, आणि त्यांची गाठ पडते ती पेशींबाहेर! पॅप-ए हे कात्रीसारखं काम करणारं प्रथिन. वाढीचा घटक अडवून धरणारं बंधन ते कापतं. प्रोएमबीपी त्या कात्रीला आवर घालतं.

मोजणीत एक प्रतिपिंड हा जुडगा पकडून ठेवतं, दुसरं त्याला चिकटून प्रकाशाची खूण देतं. जितका प्रकाश, तितकं प्रथिन. पण यंत्रापर्यंत पोचण्याआधीच आकडा बिघडू शकतो. हिमोग्लोबिनसाठीची जांभळ्या झाकणाची नळी इथे चालत नाही. तिच्यातलं रक्त गोठू न देणारं ईडीटीए पॅप-एला लागणारे धातूचे कण ओढून घेतं. म्हणून रक्त साध्या नळीत गोठू देतात, फिरवून वरचं सीरम वेगळं करतात. एप्रिलात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. सुरगाणा किंवा पेठहून न फिरवलेलं रक्त तसंच उन्हातून आलं, तर एचसीजीचे दोन भाग सुटे होतात, फ्री बीटा खोटाच वाढतो आणि घरात विनाकारण काळजी शिरते. बर्फाचा डबा ही इथे चैन नव्हे.

गर्भाला डाऊन सिंड्रोम असेल तर आईच्या रक्तात पॅप-ए साधारण निम्मं आणि फ्री बीटा दुपटीच्या आसपास दिसतं. एनटी स्कॅनची, म्हणजे गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीची, जोड दिली की दहापैकी साडेआठ-नऊ गर्भ ओळखता येतात. मात्र शंभर निरोगी गर्भांमागे सुमारे पाचांवर संशयाचा शिक्का बसतो. त्यामुळे ‘हाय रिस्क’ म्हणजे निदान नव्हे, हे बाईला रिपोर्ट देतानाच, समोर बसवून सांगायला हवं. पक्कं उत्तर वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीतून मिळतं, आणि ती गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते.

गुणसूत्रं ठीक असूनही पॅप-ए फार कमी असेल, तर वार नीट रुजली नसल्याची शक्यता असते. पुढे बाळाची वाढ खुंटण्याचा, आईचा रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो. धोका जास्त असलेल्या बायकांना डॉक्टर सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन सुरू करतात.

पहिल्या तिमाहीत पॅप-ए तीन-चार दिवसांत दुप्पट होतं. दिवस मोजण्यात आठवड्याची चूक झाली, तर निरोगी आकडाही आजारी दिसेल. पाळीची तारीख ‘होळीच्या आधी कधीतरी’ इतकीच आठवत असली, तरी अडत नाही. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, ४५ ते ८४ मिलिमीटर, आणि तिच्यावरून दिवस ठरवतात. तो आकडा, आईचं त्या दिवशीचं वजन आणि जुळं असेल तर तेही, रक्ताच्या नळीबरोबर कागदावर लिहून जायला हवं.