लेखणी आणि खुर्ची (भाग 6) : बापूजींचं महाकाव्य

मागच्या भागात जॉन बकन भेटला. स्कॉटलंडातल्या पर्थचा, 1875 सालचा हा पाद्र्याचा मुलगा. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने 'द थर्टी-नाइन स्टेप्स' लिहिली, पुढे तो खासदार झाला आणि 1935 मध्ये कॅनडाचा गव्हर्नर-जनरल. हेरांच्या पाठलागाच्या कथा लिहिणारा राज्यपाल काही वऱ्हाडाने दिला नाही. बारा हजारांवर संस्कृत श्लोक रचणारा मात्र दिला. माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी.

जन्म वणीचा, 29 ऑगस्ट 1880. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ मिळून जुनं वऱ्हाड, त्यामुळे वणीकर बापूजी वऱ्हाडीच. वकिली यवतमाळला सुरू केली. त्याआधी काही वर्षं अमरावतीच्या काशीबाई हायस्कुलात मास्तरकी केली. अमरावतीत तेव्हा दादासाहेब खापर्ड्यांचा दबदबा होता. टिळकांचे ते जिवाभावाचे सोबती. बापूजीही टिळकांचेच झाले आणि जन्मभर राहिले.

1930 साली मिठाचा कायदा मोडायची हाक आली. समुद्र शेकडो मैल दूर, पण वऱ्हाडाला खारपाणपट्टा आहे! अकोल्याजवळ दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून सत्याग्रहींनी मीठ काढलं. यवतमाळकडे तीही सोय नव्हती. तिथे होतं जंगल, आणि राखीव जंगलातलं गवत परवान्याशिवाय कापणं हा गुन्हा होता. 10 जुलैला बापूजींनी पुसदला तेच गवत कापलं आणि तुरुंगात गेले. गुराढोरांच्या चाऱ्याचा प्रश्न असल्याने हा लढा कुणबी, गोंड, कोलाम अशा सगळ्यांना चटकन कळला. माझ्या मते त्यांच्या राजकारणातली सगळ्यात अस्सल वऱ्हाडी चाल हीच.

पुढची पदं भराभर सांगतो. 1933 मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. या दुसऱ्या निवडीवर टीका होणारच होती, आणि ती चुकीची होती असं मला वाटत नाही. पण फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी 21 दिवसांचं उपोषण मांडलं, सरकार त्यांना सोडेना, तेव्हा मंडळातले सहकारी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह बापूजींनी राजीनामा दिला. मग सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी आणि 1948 ते 1952 बिहारचे राज्यपाल. 1959 पासून लोकसभेत नागपूरचे खासदार. वेगळ्या विदर्भाचा आग्रह शेवटपर्यंत.

बकन कामाच्या धबडग्यातही दरवर्षी पुस्तक हातावेगळं करायचा. बापूजींचं मोठं लेखन आयुष्याच्या उतरणीवरचं. 'तिलकयशोऽर्णव' या महाकाव्याचे नायक अर्थातच टिळक. 26 जानेवारी 1968 रोजी बापूजी गेले, त्याच वर्षी पद्मविभूषण मिळालं. ग्रंथाचे तीन खंड त्यानंतर निघाले आणि 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर आला. संस्कृत निवडल्याने वाचक कमी झाले, ही किंमत बापूजींना नक्कीच ठाऊक असणार. तरी एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात खंड दिसलेच, तर वणीचा माणूस टिळकांविषयी काय म्हणतो ते संस्कृतच्या सरांकडून दोन-चार पानं तरी समजून घ्या.

पुढच्या आठवड्यात अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी : 'विदर्भकेसरी', अर्थमंत्री आणि हिंदी लेखक.