ट्रॉलीमागचा लाल दिवा

कापसाची वेचणी सुरू झाली की खानदेशातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळीची वाहतूक तर बाराही महिने चालू असते. दिवाळीनंतर दिवस लहान होतो, बाजारात मापाला उशीर होतो आणि ट्रॉली अंधार पडल्यावरच गावाकडे निघते. धुळे येथे मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन महामार्ग परस्परांना छेदतात. दुसरा मार्ग पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. या मार्गांवर जड वाहने रात्रंदिवस धावतात. अशा रस्त्यावर ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आहे की नाही, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनाचा मागील लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. म्हणजे मागून येणाऱ्या चालकास सुमारे सात सेकंदांचा अवधी मिळतो. दिवा नसलेली ट्रॉली त्याच्या गाडीच्या झोतात, समजा, ५० मीटरवर आली असता दिसली, तर त्याच्या हाती सव्वादोन सेकंदच उरतात. त्यांपैकी एक-दीड सेकंद धोका ओळखून ब्रेकवर पाय नेण्यातच जातो.

ट्रॉलीला दिवे बसविले जात नाहीत असे नाही; ते टिकत नाहीत. खाचखळग्यांच्या रस्त्यावर बसणाऱ्या धक्क्यांनी साध्या बल्बची तार तुटते. म्हणून अनेकांनी एल.ई.डी. दिवे बसविले. परंतु कित्येक ठिकाणी तेही महिन्या-दोन महिन्यांत बंद पडले आणि 'एल.ई.डी. गाडीवर चालत नाही' असा समज पसरला. हा दोष बहुधा दिव्याचा नसून जोडणीचा व हिशेबाचा असतो.

एल.ई.डी. म्हणजे काय?

साध्या बल्बमध्ये तार तापून प्रकाश देते. बहुतेक वीज उष्णतेत जाते. एल.ई.डी. म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड. त्यात तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या संधीतून वीज वाहू लागताच प्रकाश बाहेर पडतो. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाशाचा डायोड तयार केला. निळ्या डायोडबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच पांढरा एल.ई.डी. दिवा शक्य झाला.

तार नसल्यामुळे हा दिवा धक्के सोसतो. पाच वॉटच्या बल्बचे काम सुमारे एका वॉटमध्ये होते. ट्रॅक्टर रस्त्यात बिघडला, तर एक वॉटचे दोन दिवे दहा तास चालू ठेवण्यास बॅटरीतून दोन अँपिअर-तासांहूनही कमी वीज लागते. साध्या बल्बना आठांहून अधिक लागते. शिवाय ब्रेकचा एल.ई.डी. दिवा साध्या बल्बपेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी उजळतो. ताशी ८० किलोमीटर वेगात एवढ्या वेळात मागील गाडी चार मीटर पुढे येते.

'बारा व्होल्ट' बारा नसतात

पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर बॅटरी भरू लागला की तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. साध्या बल्बला हा फरक सोसतो. डायोडला सोसत नाही, कारण दाब थोडा वाढताच त्यातील प्रवाह झपाट्याने वाढतो.

उदाहरण घेऊ. एका लाल डायोडला सुमारे २ व्होल्ट दाब व २० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. असे चार डायोड एकापुढे एक जोडले, तर ८ व्होल्ट त्यांवर पडतात. 'बारा व्होल्ट' धरून उरलेल्या चार व्होल्टसाठी २०० ओहमचा रोध घातला, तर इंजिन चालू असताना त्यावर ६.४ व्होल्ट येतात आणि प्रवाह ३२ मिलिअँपिअर होतो, म्हणजे दीडपटीहून अधिक. डायोड तापतो व जळतो. त्याऐवजी ३३० ओहमचा, अर्ध्या वॉटचा रोध घातल्यास प्रवाह १९ मिलिअँपिअरवर राहतो; इंजिन बंद असतानाही १४ मिलिअँपिअर मिळतात व दिवा चांगला दिसतो.

बॅटरीची पकड सैल असेल, तर चालू इंजिनात दाबाचे क्षणिक झटके कित्येक पटींनी मोठे येतात. म्हणून तयार दिवा घेताना प्रवाह आपोआप स्थिर राखणारा, उदाहरणार्थ '१० ते ३० व्होल्ट' असा मजकूर असलेला दिवा घ्यावा. ट्रकची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते. बारा व्होल्टचा दिवा तिला जोडू नये.

जोडणीतील दक्षता

डायोडमधून वीज एकाच दिशेने वाहते; म्हणून धन व ऋण टोके उलट होऊ देऊ नयेत. ट्रॉलीचे आर्थिंग पुष्कळदा केवळ हुकाच्या लोखंडातून घेतले जाते. तेथे गंज व माती साचली की दिवा लुकलुकतो किंवा विझतो. ऋण टोकासाठी स्वतंत्र वायर सॉकेटपर्यंत न्यावी. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवर, बॅटरीजवळच, फ्यूज असावा. वायर घासून लोखंडाला लागल्यास आगीपासून तोच वाचवितो. इंडिकेटर अतिजलद लुकलुकू लागला, तर एल.ई.डी.ला अनुरूप फ्लॅशर बसवावा. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्रा अतिशय तापतो, म्हणून दिव्यामागे हवा खेळती राहील अशी जागा ठेवावी. वाटेने जाताना मागे पांढरे प्रखर दिवे लावू नयेत. त्यांनी मागच्या चालकाचे डोळे दिपतात.

गावाने काय करावे?

माध्यमिक शाळेत ओहमचा नियम शिकविताना शिक्षकांनी एक ट्रॅक्टर मैदानावर बोलवावा. इंजिन बंद असताना व चालू असताना बॅटरीवरील दाब व्होल्टमीटरने विद्यार्थ्यांना वाचू द्यावा. फळ्यावरील सूत्राचा गावाच्या सुरक्षिततेशी असलेला संबंध त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

ग्रामपंचायतीने कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एका सायंकाळी गावातील सर्व ट्रॉल्या एकत्र आणाव्यात. ट्रॉलीपासून मोठी दोनशे पावले मागे चालत गेल्यास सुमारे १५५ मीटर होतात. तेथून दोन्ही लाल दिवे स्पष्ट दिसले, तर ट्रॉली उत्तीर्ण. ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवलेल्या ट्रॉलीला वीज मिळत नाही. म्हणून लाल परावर्तक पट्ट्याही अवश्य लावाव्यात. या तपासणीस खर्च नाही. एक सायंकाळ पुरते. बाजारास गेलेला माणूस रात्री सुखरूप घरी परतावा, एवढ्यासाठी ती सायंकाळ प्रत्येक गावाने काढावी.