औदुंबर कोणाचा?

बालकवींची 'औदुंबर' ही कविता आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. अवघ्या आठ ओळींची कविता. वाहता झरा, टेकडीकडचे चिमुकले खेडे, दाट मळे, त्यांतून वाकडीतिकडी जाणारी पांढरी पाऊलवाट, काळा डोह, आणि सर्वांत शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेले ते झाड. परंतु हा औदुंबर म्हणजे कोण, यावर मराठी समीक्षकांत पुष्कळ वाद झाला आहे. कोणी त्यास विरक्त योगी म्हणतात, कोणास त्यात मृत्यूची छाया दिसते, तर कोणी हे निव्वळ निसर्गचित्र मानतात.

शिक्षकाला मात्र या वादावर गुण द्यावे लागतात. एके वर्षी मी हाच प्रश्न परीक्षेत घातला. एका मुलाने लिहिले, 'चालून दमलेला माणूस बसतो, तसा तो बसला आहे.' मी त्यास पाचांपैकी एक गुण दिला. मार्गदर्शकातला 'योगी' त्याच्या उत्तरात नव्हता, एवढाच त्याचा अपराध!

रूपक आणि प्रतीक यांत आपण नेहमी गल्लत करतो, ती येथेच. देह हा पिंजरा आणि जीव हा पक्षी, असे म्हटले की हिशेब पुरा होतो. पक्ष्याचे काम तेथेच संपते. प्रतीकाचे तसे नाही. ते आधी स्वतः असते. औदुंबर हे प्रथम पाण्याकाठी वाढणारे झाड आहे, आणि झाड राहूनच ते आणखी काही सुचविते. त्याचे भाषांतर करून हाती 'योगी' एवढा एकच शब्द ठेवला, की डोहही गेला आणि झाडही गेले.

मग मनास येईल तो अर्थ लावावा काय? तसेही नव्हे. औदुंबर म्हटल्यावर अनेकांना नरसोबाची वाडी आणि दत्तमहाराज आठवतात. मी ख्रिस्ती घरात वाढलो. मला प्रथम आठवला तो जक्कय. येशूला पाहण्यासाठी हा बुटका जकातदार ज्या झाडावर चढला, ते मराठी बायबलात उंबराचे आहे. दोन्ही आठवणी खऱ्या. पण कवितेत पादुका नाहीत, आणि झाडावर कोणी चढलेलेही नाही. तरी कवीने घरगुती 'उंबर' न घेता 'औदुंबर' हा शब्द घेतला, त्यामुळे पावित्र्याचा थोडा गंध येतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून दत्तमहाराजांचा दावा जक्कयापेक्षा बळकट, असे मी म्हणेन.

मृत्यूचे काय? १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. ते ठाऊक असल्यामुळे काळा डोह आपल्याला अधिक काळा दिसतो. पण तो अपघात कवितेच्या बाहेरचा आहे. कवितेतली पांढरी वाट काळ्या पाण्याकडे जाते हे खरे. तथापि पाण्यावरचा काळोख कवीला भयाण वाटत नाही, मधुर वाटतो. मृत्यू म्हणायचाच असेल तर या माधुर्यासह म्हणावा लागेल.

पुढे कित्येक वर्षांनी ही कविता शिकविताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या आठ ओळींत माणूस कोठेच नाही. घरे आहेत, शेते आहेत, वाट आहे. वाटेवर चालणारा कोणी नाही. वाट डोहाशी पोचते, आणि तेथे माणसासारखे बसलेले आहे ते केवळ झाड. म्हणजे त्या मुलाने चालणारा शोधला होता, आणि नेमका वाट संपते त्या जागी शोधला होता. त्याचे उत्तर अपुरे होते, परंतु ते कवितेतून आले होते. 'योगी' म्हणणाऱ्या बाकीच्यांना मी चार-चार गुण दिले होते. त्यांतल्या एकानेही वाटेचा उल्लेख केला नव्हता.